डाव्या बाजूची वाफ

आपल्या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे. दर महिन्याला वाटायचं, आपलाही लिहून पाठवावा... आणि दर महिन्याला अंक मिटून ठेवायचो. कारण असं की यातला अर्धा अनुभव सांगता येण्यासारखा आहे. तो मी एकदोघांना सांगितलाही. उरलेला अर्धा कोणालाच सांगितला नाही, आणि त्याच्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही. आता वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कॅमेरा कपाटात आहे. लिहायचं तर आताच.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आमच्या घरात तो असणं शक्यच नव्हतं. वडिलांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले सगळे गंडे-ताईत विहिरीत टाकले. भूत, करणी, अंगात येणं हे शब्द आमच्याकडे शिवीसारखे. माणूस गेल्यावर मागे आत्मा उरतो, हेसुद्धा आम्ही मानत नाही. एवढं लक्षात असू द्या... पुढं माझी सगळी अडचण तिथंच आहे.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. घर अमरावतीला, राजापेठेत. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला. माणसांचे फोटो मला जमत नाहीत, माणसं हलतात. मला नाद लागला तो हिवाळ्यातल्या रानाचा. आमच्याकडे उन्हाळ्यात आभाळ पांढरंफटक, त्यात काढण्यासारखं काही नसतं. पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत धुकं जमिनीलगत बसलेलं असतं, झाडांचे फक्त शेंडे वर. आणि मेळघाटात, सेमाडोहजवळ, सिपना नदीतून वाफा निघतात... चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवल्यासारख्या.

थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर मान टाकते. तीच बॅटरी काढून अंगाच्या उबेला धरली की पुन्हा थोडा वेळ चालते. हे काम सुमनकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे होतं. तिनं जुन्या साडीच्या काठाची एक थैली शिवली होती. जास्तीची बॅटरी त्यात घालून ती थैली स्वेटरच्या आत, पोटाशी बांधायची आणि माझ्या डाव्या हाताला घडीच्या स्टुलावर बसून राहायची.

"लोकाच्या बायका या वयात मांडीवर नातू घेऊन बसते," ती म्हणायची, "अन् मी तुमची बॅटरी उबवून राहिली. कोंबडी करून टाकलं मले."

"मंग दे अंडं," म्हणून मी न बघताच डावा हात पुढं करायचो.

तिला दमा होता. तिचा श्वास वेगळा होता — दोन छोटे, मग जरा थांबल्यासारखं, मग एक लांब. झोपेतही तसाच. लग्न झाल्यापासून त्या तालावरच मला झोप लागत आली होती.

त्या हिवाळ्यात थंडीची लाट आली होती. आम्ही सेमाडोहला मुक्कामी होतो. सकाळी मी स्वेटर चढवला आणि सुमन खाटेवरून उठली नाही.

"मी नाई येत आज. रातीपासून दम लागून राहिला. तुमी जाऊन या."

"अन् बॅटरी?"

"ठेवा ना खिशात."

"खिशात गार पडते ते. तुले आनलं हेच चुकलं माहं. एकटा आलो असतो त बरं झालं असतं."

ती उठली, थैली पोटाशी बांधली, मफलर गुंडाळला आणि माझ्या मागे निघाली. हे असं झालं. मी पुन्हा लिहितो, कारण पुढं त्याला महत्त्व आहे — ती येत नव्हती. मी तिला आणलं.

नदीकाठच्या गवतावर दव गोठलं होतं. पाय ठेवला की करकर आवाज यायचा. नदीवर वाफांचा थर होता आणि पलीकडच्या सागांवर ऊन नुकतंच उतरायला लागलं होतं. ते ऊन पाण्यावर आलं की वाफ सोन्यासारखी पेटणार, हे मला माहीत होतं. अशी सकाळ वर्षातून एकदा मिळाली तर मिळते.

"अवो, चाला ना आता," सुमन म्हणाली. "माहा दम्याचा पंप गाडीतच राह्यला."

"दोन मिनिटं. ऊन पान्यावर येऊ दे."

ऊन आलं, आणि नेमकी बॅटरी गेली. मी डावा हात मागे केला. तिनं थैलीतून बॅटरी काढून माझ्या हातावर ठेवली. तिची बोटं बर्फासारखी होती आणि बॅटरी मात्र ऊबदार. हे मला तेव्हाही जाणवलं. मी बॅटरी बसवली आणि पुन्हा डोळा लावला.

"मले धरा जरा..."

"हालू नको," मी म्हणालो. "फ्रेममध्ये येतं."

मी वळलो तेव्हा ती स्टुलावर पुढं वाकलेली होती. घाट उतरून परतवाड्यापर्यंत गाडी कशी आणली, मला आठवत नाही. तिथून अमरावती. दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क होता, तिला बोलता आलं नाही. ती घरी परत आली नाही.

आमची मुलगी वर्षा अकोल्याला असते. ती धावत आली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात मला म्हणाली, "बाबा, तिला दम लागत होता तर नेलं कशाले?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नाहीच म्हणत होतो बेटा. तिनंच हट्ट केला. धुकं पाहायचं म्हणाली."

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ... पण आमच्याकडे पुण्यानुमोदनाच्या दिवशी जवळची माणसं उठून चार शब्द बोलतात. वंदना झाली, शेजाऱ्यांनी आदरांजली वाहिली, मग माइक माझ्या हातात आला. समोर वर्षा, जावई, सगळे नातेवाईक, खात्यातली माणसं. मी म्हणालो, "सुमन प्रेमळ होती, पण हट्टी होती. त्या सकाळी मी नको-नको म्हणत असताना तिनं ऐकलं नाही." माना हलल्या. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मी रडलो, तेही खरंच रडलो. तिच्या फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या आणि मी तिच्या समोर उभा राहून तिच्यावर आळ घेतला.

तेव्हापासून आमच्या घराण्यात सुमन म्हणजे हट्टी बाई झाली. वर्षाची मुलगी जेवायला बसताना कटकट करायला लागली की वर्षा तिला म्हणते, "आजीसारखा हट्ट करू नको. हट्टापायी काय झालं माहीत आहे ना?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे... एकदा नव्हे.

आता तो सांगता येण्यासारखा अर्धा भाग.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा सेमाडोहला गेलो. घरात बसवत नव्हतं, खरं कारण तेवढंच. बरोबर माझा मित्र नाना वानखडे होता, त्याचीच गाडी. नाना थंडीला भिऊन वर गाडीतच बसला. मी त्याच जागी ट्रायपॉड लावला आणि कॅमेरा दर सेकंदाला एक फोटो घेईल असा लावून दिला. असे फोटो भराभर दाखवले की धुकं हलताना दिसतं. स्वतः मी दहा-पंधरा पावलं मागे, खडकावर मफलर तोंडावर घेऊन बसलो होतो. काही वेळानं बॅटरी संपली. जास्तीची बॅटरी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती, रात्रभर गाडीत राहिलेली. मी ती काढली...

ती ऊबदार होती. उन्हात ठेवलेली वस्तू तापते तशी नव्हे. अंगाशी धरल्यासारखी.

मी मनाची समजूत घातली की माझेच हात गार आहेत. घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो पाहिले. डावीकडे, खालच्या बाजूला, लेन्सच्या अगदी जवळ वाफेचा एक लहान पुंजका होता. नदीची वाफ पसरट असते, वर चढते. ही आडवी आली होती, पुढं जाऊन विरली होती. काही फोटोंत होती, काहींत नाही, पुन्हा होती. घडीच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल, तिथं.

नानाला बोलावून दाखवलं. त्यानं चष्मा वर सारून पाहिलं आणि म्हणाला, "कॅमेऱ्यालेबी दमा झाला काय गा?"

मग माझा चेहरा पाहून त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "लेन्सवर वाफ धरली असन," एवढंच म्हणाला.

मीही तेच धरून चाललो. लेन्स बदलली. चिखलदऱ्याला गेलो, तिथंही आली. मोर्शीकडे एका ओळखीच्या बागेत गेलो, जिथं नदी नाही, नाला नाही... तिथंही डावीकडे, तेवढ्याच उंचीवर. उन्हाळ्यात कधी नाही, पावसाळ्यात नाही. फक्त थंडीत, मी एकटा असताना. आणि दर वेळी बॅगेतली बॅटरी ऊबदार.

एका नाताळच्या सुट्टीत वर्षा आली होती. मी बाहेर भाजी आणायला गेलो असताना तिनं कॉम्प्युटर उघडला. मी आलो तेव्हा ती बाणाचं बटण दाबून धरून बसली होती. फोटो भराभर सरकत होते. मी ते कधीच असे पाहिले नव्हते, एकेक करून पाहायचो... हिंमतच झाली नव्हती. आता पडद्यावर नदी वाहत होती आणि डावीकडून वाफ येत होती. छोटी. छोटी. मग काही नाही. मग एक लांब.

मी पिशवी हातात घेऊन दारातच उभा राहिलो.

"बाबा," वर्षा मागे न बघता म्हणाली, "ही आई आहे."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. बॅटरीचं नाही, वाफेचं नाही, काहीच नाही. दम लागल्यावर आई कशी श्वास घेते, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. लहान असताना ती आईच्या पोटावर कान ठेवून झोपायची.

मग तिनं पडद्याला हात लावला आणि भांडल्यासारखी बोलली. "काहून गेली वं तू तेवढ्या थंडीत? बाबा नाई म्हनत होते ना तुले? त्याइचं आयकलं असतं त आज असती. मले सोडून गेली ते गेली, आता बाबाच्या मांगं मांगं फिरून राहिली. आतातरी हट्ट सोड."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. किंवा तिघं, मला माहीत नाही. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. मी म्हणालो, "चहा ठेव बेटा, थंडी वाजून राहिली."

तिनं चहा ठेवला. मी तो प्यालो.

यंदाच्या हिवाळ्यात मी एकटाच बसनं सेमाडोहला गेलो. कपाटातून सुमनचं स्टूल काढून नेलं होतं. नदीकाठी कॅमेरा लावला, डावीकडे स्टूल उघडून ठेवलं. दव गोठलं नव्हतं, पण थंडी भरपूर होती. मनात वाक्य तयार होतं, बसमध्ये सगळ्या रस्त्यानं तेच घोकलं होतं. स्टुलाकडे तोंड केलं... आणि शब्द आला नाही. जन्मभर जे शिकलो ते आडवं आलं — इथं कोणी नाही, मग माफी कोणाची मागतोस? आणि कोणी असेल, तर इतकी वर्षं गप्प का होतास? माझ्या तोंडातून नुसती वाफ निघत राहिली.

बॅगेतून बॅटरी काढली. ती दगडासारखी थंड होती.

घरी येऊन सगळे फोटो पाहिले, एकेक. नदी आहे, साग आहेत, ऊन आहे. डावीकडे रिकामं स्टूल आहे. त्याच्यावर काही नाही. त्यानंतर मोर्शीला गेलो, तिथंही काही नाही. ती होती तेव्हा का होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नानाकडे नाही, आमच्या धम्मात नाही. आणि ती आता का नाही, याचं उत्तर मला हवंसं वाटत नाही.

वर्षाला मी अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्याकडे येत नाही, आणि तो तिच्या हातात ठेवण्याचं धाडस माझ्यात आहे असंही वाटत नाही. बसमध्ये घोकलेलं आणि नदीवर न निघालेलं वाक्य तेवढं इथं लिहून ठेवतो.

सुमन, तू हट्ट नोयता केला. तू येतच नोयती. मी आनलं तुले, अन् साऱ्याइच्या समोर तुह्यावर ढकललं. माफी दे मले.