उजवीकडं गेलेली मान

त्या मार्चात माझी मान सलग अकरा दिवस डावीकडं होती आणि बाराव्या दिवशी ती उजवीकडं गेली. समोर म्हणून काही ती थांबलीच नाही.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि दहावीला बसले होते. (तिसऱ्यांदा!) लोणीतल्या आमच्या अंगणवाडीत मी मदतनीस. सेविकाबाई मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांची जागा मला मिळणार होती, पण अट एकच, दहावी पास. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बाकीचे विषय पहिल्या दणक्यात सोडवले होते. गणित तेवढं दोनदा आडवं आलं. या खेपेला अडकलं, तर माझ्या जागेवर बाहेरगावची बाई येणार आणि मी जन्मभर खिचडीच ढवळणार, हे ठरलेलं होतं.

आता मार्चात परीक्षा येते, तसा आमच्याकडं कांदाही येतो. दिवसभर बायकांच्या रांगेत बसून विळ्यानं कांद्याची पात कापायची. मी काय केलं, डाव्या अंगाला पाण्याची कळशी ठेवली आणि तिला गणिताचं पुस्तक टेकवलं. हात कांद्यावर, नजर समीकरणावर! घरी आलं की भाकरी थापताना तेच पुस्तक डावीकडच्या पिठाच्या डब्याला. सेविकाबाई म्हणाल्या होत्या, "विमल, मधून मधून उठत जा, मान हलवत जा." मी म्हटलं, "बाई, मान हलवायला वेळ कुणाला हाय?" आठवड्याभरानं मानेनंच निर्णय घेतला. एका सकाळी उठले, तर मान डाव्या खांद्याकडं वळलेली, आणि सरळ करायला गेले की डोळ्यांपुढं काजवे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी पहिल्या दिवशी मिठाचा शेक दिला, दुसऱ्या दिवशी एरंडाची पानं बांधली, तिसऱ्या दिवशी निदान केलं.

"पुस्तकात बघून बघून झालंय ह्ये. आमी कदी वाचलं न्हाई, आमची मान बघ कशी हाय!"

आमचे हे मात्र भलतेच हुशार. मानेवर इलाज करण्यापेक्षा त्यांनी परीक्षेवर इलाज केला. घोडेगावला माझं केंद्र होतं. तिथं जाऊन त्यांनी केंद्रप्रमुखांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

"साहेब, मंडळीची मान डावीकडं अडकलीया. दुसऱ्याच्या पेपरात बघती असं वाटंल. तिला डाव्या भिताडाशी बसवा, म्हंजी ती भिताडाकडंच बघत राहील."

केंद्रप्रमुख भला माणूस. त्यांनी लगेच होकार दिला आणि तसं पर्यवेक्षकाला सांगूनही ठेवलं. घरी येऊन हे म्हणाले, "आता मान हितून हलू देऊ नको. लई मेहनतीनं शिटिंग केलंय!"

मी डावीकडं कागद ठेवून लिहायचा सरावही केला. सगळं नीट जमलं होतं. म्हणून तर परीक्षेच्या आदल्या दिवशी आत्याबाईंना राहवेना.

बांगड्या घेऊन मंचरची रशिदाभाभी दारात आली होती. वीस वर्षं तीच आम्हाला बांगड्या भरायची. आणि रशिदाभाभी होती पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लागली की लचक निघते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. (अंगणवाडीत आयांना गोळा करून 'असल्या भाकड गोष्टींवर विश्वास ठेवू नका, दवाखान्यात जा' असं मी आदल्याच महिन्यात सांगितलं होतं. चांगलं तासभर सांगितलं होतं!)

"भाभी, हिच्या मानंला जरा पाय लाव," आत्याबाई म्हणाल्या.

"या अल्ला! आत्याबाई, उद्या पेपर हाय न्हवं हिचा? माझ्या पायानं पोरगी फेल झाली तर?"

"ती बिनपायाची दोनदा झालीया. लाव तू."

मला ओसरीवर पालथं निजवलं. भाभीनं डावा पाय उचलला आणि मानेला अगदी अलगद टेकवला, जसं काही मान काचेची आहे.

"ह्याला काय लाथ म्हनत्यात व्हय?" आत्याबाई कडाडल्या. "गुदगुल्या करायलीस का? हाण की!"

दुसरी जरा बरी बसली. तिसऱ्या वेळी भाभी एका पायावर उभी, दोन्ही हातांत बांगड्यांचे जुडगे, आणि नेमकी आमची कोंबडी पिल्लांसकट मधून पळाली. बांगड्या वाचवायच्या की मला, एवढाच प्रश्न होता. भाभीनं बांगड्या वाचवल्या.

कट्ट!

मी ओरडत उठून बसले. आणि काय सांगू, मान फिरली! अकरा दिवसांनी मला समोरचं दिसलं. समोर आत्याबाई होत्या, तोंडभर हसत. त्या मला पुरत्या दिसतात न दिसतात तोवर मान पुढं सरकली, उजव्या खांद्याशी गेली आणि तिथं बसली ती बसलीच.

"निघाली का गं लचक?"

"निघाली," मी म्हटलं, "पन गेली न्हाई."

हे रानातून आले. त्यांनी मला पाहिलं आणि ओसरीच्या पायरीवर मटकन बसले.

"आगं, म्या डावीकडचं बोलून आलोय गं!"

दुसऱ्या दिवशी यष्टीत ह्यांनी मला सवयीनं डावीकडच्या खिडकीत बसवलं आणि स्वतः दाराजवळ उभे राहिले. माझ्या शेजारी एक पागोटंवाले पाव्हणे बसले. मान उजवीकडं, म्हणजे माझं तोंड थेट त्यांच्या तोंडाशी! पाव्हण्यांनी आधी पागोटं सारखं केलं. मग मिशी पुसली. मंचर येईतो त्यांना घाम फुटला.

"ताई, आपन कुटं भेटलोय का?"

"न्हाई."

"मग माझं काई चुकलं का?"

"तुमचं न्हाई, भाभीचं चुकलं," मी म्हटलं. पाव्हणे पुढच्या थांब्यालाच उतरले. (त्यांचं तिकीट घोडेगावचं होतं. कंडक्टर मागून हाका मारत राहिला.)

वर्गात गेले तर शब्द पाळलेला. डाव्या भिंतीशी माझा बाक, एकटा, मानानं मांडलेला. मी बसले. भिंत डावीकडं आणि मी उजवीकडं बघतेय, अख्ख्या वर्गाकडं! पलीकडच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं आधी हातानं पेपर झाकला, मग कंपासपेटी उभी केली, मग रडवेली होऊन उठली.

"सर, या मावशी सारख्या माझ्याच पेपरात बघत्यात!"

पर्यवेक्षक कोवळे होते, नुकते नोकरीला लागलेले असावेत. ते खिशातली चिठ्ठी काढत आले.

"मावशी, तुमची मान डावीकडं अडकलीये ना?"

"व्हती सर. कालपातुर."

"मग?"

"काल संध्याकाळी उजवीकडं गेली."

"अशी कशी जाईल?"

"पायाळूनं लाथ मारली सर."

सरांनी चिठ्ठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चिठ्ठीत लाथेबद्दल काही नव्हतं. "मावशी, तुम्ही समोर बघा, नाहीतर मला पेपर काढून घ्यावा लागेल," ते म्हणाले. पेपर गेला म्हणजे गणित गेलं, अंगणवाडी गेली, उरली नुसती मान!

पण जीव कासावीस झाला की माणसाला सुचतं. बीजगणिताच्या पेपरात मला भूमिती सुचली.

"सर, मला बाकासकट उलटी करा."

"काय?"

"बाकाचं तोंड मागं करा. मंग भिताड माझ्या उजवीकडं यील. म्या भिताड बघत लिहिती."

सरांनी हवेत बोट फिरवून हिशेब केला, मान डोलावली (त्यांची डोलत होती!) आणि शिपायाला बोलावून बाक फिरवला. वर्ग पूर्वेला, मी पश्चिमेला. मी कागद उजवीकडं ओढला आणि कधी नव्हे ते एक लक्षात आलं. आता इकडंतिकडं बघायची सोयच नव्हती. पोरं किती पुरवण्या घेतायत, कोण किती भरभर लिहितंय, काही दिसेना. नुसती भिंत आणि गणित. दोन वर्षं ज्या समीकरणांनी छळलं, ती एकेक करून सुटायला लागली!

आणि नेमकी अर्ध्या तासानं मानही सुटली.

आवाज झाला नाही की काही नाही. मी हळूच समोर पाहिलं, तर मान सरळ! सगळा वर्ग तोंडासमोर. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण तेवढ्यात सर वळले. आता यांनी मला सरळ बघताना पाहिलं तर? बाई सोंग करत होती म्हणतील, पेपर काढून घेतील! मी झटक्यात मान पुन्हा उजवीकडं नेली आणि पुढचे दोन तास धडधाकट मान वाकडी धरून पेपर लिहिला. मधून मधून खरं वाटावं म्हणून कण्हलेही.

घंटा झाल्यावर सर स्वतः मला हात देऊन दारापर्यंत आले. "मावशी, तुमच्या जिद्दीला मानलं बरं का!" मी शरमेनं आणखी वाकडी झाले.

बाहेर हे उभे होते. मी हळूच सांगितलं, "आवो, मान कवाच बरी झालीया. सोंग केलं म्या."

"मग आता बघ की सरळ!"

बघायला गेले. डोळ्यांपुढं काजवे. सोंग करता करता मान खरीच अडकली होती!

दोन दिवसांनी भूमितीच्या पेपराला सरांनी बाक आधीच उलटा मांडून ठेवला होता, तेव्हा निदान खोटं बोलायची वेळ आली नाही. मग मात्र मी सरळ सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी मानेचे चार व्यायाम दिले, पुस्तक डोळ्यांसमोर उंचावर ठेवायला आणि अर्ध्या तासानं उठायला सांगितलं. म्हणजे सेविकाबाई जे फुकट सांगत होत्या तेच. पंधरा दिवसांत मान ठिकाणावर आली.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात पास व्हायला दीडशेपैकी त्रेपन्न लागायचे, मला चोपन्न पडले. मी सेविका झाले! ह्यांनी पेढे आणले. रशिदाभाभीनं हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत. फक्त श्रेय कुणाचं यावर घरात भांडण पेटलं. हे म्हणाले शिटिंगचं, मी म्हटलं अभ्यासाचं. आत्याबाई पेढा खात शांतपणे म्हणाल्या,

"तीन लाथंत चोपन्न मार्क. अजून चार हाणल्या असत्या तर किती झाले असते?"

आता मी दहावी पास बाई! पाटी-पेन्सिल घेऊन ऐटीत बसले, त्रैराशिक मांडलं, दोनदा पुसलं. आत्याबाईंनी तोवर बोटांच्या पेरांवर मोजून सांगूनही टाकलं, "येकशे सव्वीस."

माझं उत्तर एकशे बासष्ट आलं. दीडशेपैकी!