लाल खटक्याची टेप

हवामान कचेरीच्या तळघरात टेपांचं कपाट सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे जपूनराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वकष्टाने कमावलं होतं. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरायची, सापडलेलं रबरबँड मनगटावर चढवायचं, पेन संपलं तरी टोपण ठेवायचं. घरी मीठ हवं असेल तर बायकोला 'बटणं' लिहिलेल्या डब्यात हात घालावा लागे.

त्यामुळे "नव्या टेपा मिळणार नाहीत, जुन्याच वापरा" असं साहेबांनी फर्मावलं तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला, पण जपूनरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अर्धवट भरलेल्या टेपा हुडकायच्या, त्यांतला माल एका टेपेवर नीट रचायचा आणि मोकळी झालेली टेप पुसून, तिला नवं नाव देऊन कपाटात ठेवायची. माउसला ते शिवत नसत. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी कमांड टंकायची, एंटर दाबायचं आणि यंत्राची घरघर ऐकत हाताची घडी घालून बसायचं. आठवडाभरात निम्मं कपाट धुऊन निघालं.

एकच टेप अडून बसली. कुठल्या टेपेवर काय आहे, त्या यंत्राच्या यादीत तिच्या नावावर काही उरलं नव्हतं, पण पुसायला गेलं की पडद्यावर एकच उत्तर: लिहिण्यास मनाई. म्हणजे टेपेच्या कडेचा लाल खटका बंद होता. तो उघडायला चष्मा शोधावा लागला असता आणि घरी जायची वेळ झाली होती. "आमच्या हिचीच बहीण दिसतेय," असं पुटपुटत त्यांनी ती खणात भिरकावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "अहो, रविवारी दादा येतोय. आपल्या लग्नाची फिल्म लावा ना. बाबा गेल्यापासून त्यांचा आवाज कानावर नाही."

"लावू की. अगदी सुरक्षित आहे," जपूनराव म्हणाले आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

लग्नाच्या कॅसेटवर त्यांनी कधीच एक फुटबॉलची मॅच उतरवून घेतली होती. आधी फिल्मची कॉपी केली होती म्हणा. ऑफिसच्या एका टेपेच्या शेवटी जागा मोकळी होती, ती वाया कशाला घालवायची? पण चोरीचा मामला, त्यामुळे यादीत नोंद नाही. आणि कमांड बिचारी यादीत असेल तेवढंच उचलते, उरलेलं बेवारस समजून पुसून टाकते. टेप कुठली होती, हे आता आठवेना.

ऑफिसात पोचताच त्यांनी पुसलेल्या टेपा एकेक करून यंत्रात घातल्या. प्रत्येकीत त्यांनीच दिलेलं नवं नाव आणि त्यापुढे शुकशुकाट. आपल्याच हातची सफाई बघून त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. सासऱ्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

घाम पुसायला रुमाल हवा म्हणून खण ओढला, तर वर ती हट्टी टेप. खटका बंद केला की टेप पुन्हा वापरता येत नाही, म्हणून खटका लावणं जपूनरावांच्या जिवावर येई. मग हा लावला कुणी? त्यांनी टेप यंत्रात घातली आणि फीत यादीतल्या मालाच्या पलीकडे सरकवायची कमांड दिली. घाईत एक अक्षर चुकलं आणि यंत्राने कमांड परत केली. पुन्हा दिली. यंत्र बराच वेळ घरघरलं आणि फिल्म निघाली. खटका त्यांनी स्वतःच लावला होता, आयुष्यात एकदाच.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसले. पडद्यावर सासरेबुवा नवऱ्यामुलाचा हात धरून म्हणत होते, "एकुलती एक लेक आहे, जावईबापू. सांभाळा तिला."

आणि तरुण जपूनराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काळजी करू नका. मी कुठलीच वस्तू टाकून देत नाही."

दादा हसून हसून बेजार झाला. बायकोने आधी डोळे पुसले, मग छतापर्यंत गेलेली रिकाम्या खोक्यांची चळत पाहिली. "शब्दाला जागलात हो," ती म्हणाली. "बाबांना परत लावा."

परत लावायला शेवटी तीच उठली, तेव्हा तिला टीव्हीला जोडलेला पेन ड्राइव्ह दिसला. शेजारी त्याचं पाकीट होतं, नुकतंच फोडलेलं, वर दुकानाची पावती.

"हा नवा आणलात?" तिने विचारलं. "विकत?"

जपूनरावांनी पाकीट हळूच उचलून खिशात घातलं.