टिटवीचं ऐकणारी सगुणाबाई

वैशाख सरत आला तरी सगुणाबाईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. कोंबड्याआधी उठायची आणि धरणाच्या पाण्याकडे चालू लागायची.

टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस फार, खोलगटात घातली तर कमी, हे तिला सासऱ्यांनी शिकवलेलं. भाताची रोपं वर टाकायची की खाली, हे गाव तिच्या शब्दावर ठरवी. शब्द खोटा पडला तर गावच म्हणे, टिटवी चुकली. पुढं भाटघरचं धरण बांधून झालं आणि पाणी आमच्या शिवारात शिरलं. गेल्या साली टिटवीची अंडी खाली, म्हणून सगुणाबाईनं रोपं खाली टाकायला सांगितली. आषाढात पाणी चढलं आणि सगळी रोपं बुडाली. त्या वेळी मात्र टिटवी चुकली असं एकानंही म्हटलं नाही, बोल लागला तो सगुणाबाईला!

यंदाही अंडी खालीच, पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळावर. जवळच तिच्या मुलानं, सावळारामानं, रोपांसाठी शेण-पाला पसरून राब भाजून ठेवलेला. घरात बियाण्याचं एकच पोतं होतं. ते बुडालं तर वर्षभर खायचं काय?

"आये, रोहिणी लागल्या. आता तरी सांग, खाली टाकू का वर?"

"उद्या बगून येते."

"म्हैना झाला बगतीयास! अंडी काय वर सरकणार हायेत व्हय?"

तिला रागही आला आणि भीतीही वाटली. टिटवीला खोटं म्हणावं तर सासरे खोटे पडतात, खरं म्हणावं तर पोतं जातं.

पहाटे पाण्याकडेला बगळे उतरले होते, खडकावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. अंड्यांच्या जागी एक फुटकं कवच तेवढं पडलेलं. मुंगसानं खाल्ली की काय, म्हणून ती वाकून गाळातले ठसे पाहू लागली. तेवढ्यात गाळात काहीतरी हललं. लिंबाएवढी पिल्लं आईमागून टेकाडाकडे तुरुतुरु निघाली होती.

ती धापा टाकत घरी आली. सावळाराम पोतं खांद्यावर घेऊन निघालाच होता.

"वर टाक."

"म्हंजी टिटवी खोटी?"

"टिटवी खरीच हाय. पर तिची पिल्लं फुटल्या-फुटल्या चालाय लागत्यात. पानी यायच्या आत ती टेकाडावर. आपली रोपं चालत जात्यात का?"

सावळारामानं पोतं खाली ठेवलं. "राब तर खाली भाजलाय."

"मग परत भाजू."

तिनं शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि चढ धरला. शेजारची फुलाबाई दारातूनच ओरडली, "सगुणे, काय म्हंती गं टिटवी?"

"वर चला म्हंती."