मेन्यू कधी मिटायचा

आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात बोलायची फारशी गरज पडत नाही. अमरावतीत एका औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. एकीत सर बसतात, दुसरीत आम्ही तिघं, मी आणि दोन मुलं. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगासुद्धा हेडफोन न काढता चॅटवर विचारतो आणि मी चॅटवरच अंगठा पाठवते. दुपारी ते दोघं खाली चहाला जातात. सुरुवातीला त्यांनी मलाही विचारलं होतं. मी "नको, काम आहे" म्हटलं, नंतर त्यांनी विचारणं सोडलं. त्यात त्यांची चूक नाही. मला पहिल्यांदा हो म्हणता येत नाही, आणि दुसऱ्यांदा कोणी कशाला विचारेल.

आई-बाबा धारणीला असतात. बाबांची बदली तिकडे झाली आणि मला इथे नोकरी लागली, म्हणून मी खोली घेऊन राहिले. तिकडे डोंगरात रेंज कमी, आईचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. "जेवलीस का" एवढं कळलं की आम्ही दोघी समाधान मानून फोन ठेवतो. बाबांच्या बदल्यांमुळे माझी शाळाही दर दोन-तीन वर्षांनी बदलायची. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी शाळा, तोच निळा स्कर्ट, आणि वर्गात आधीच ठरून गेलेल्या मैत्रिणींच्या जोड्या.

मागच्या वर्षी अकोल्याच्या एका लेडीज टेलरचं काम आमच्याकडे आलं आणि सरांनी ते मला दिलं. माझं पहिलं स्वतंत्र काम. तिथे सासरे कापड कापतात, मुलगा आणि कारागीर शिवतात, आणि काउंटर सून सांभाळते. दुकानात येणारे सगळे तिला भाभी म्हणतात, म्हणून फोनवर मीही भाभी म्हणायला लागले. त्यांना ऑर्डर नोंदवायचा प्रोग्राम हवा होता. मी तो केला. स्क्रीनवर गिऱ्हाइकाच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं की छोटा मेन्यू उघडायचा: अस्तर, पायपिंग, लटकन, पुढून हुक, मागून हुक, पॅड, कोपरापर्यंत बाही. जे हवं त्याच्यासमोर टिक करायची.

प्रोग्राम इथूनच पाठवून बसवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाभींचा फोन आला.

"मॅडम, हे तुमचं कावून पळून राहिलं?"

"काय पळतंय?"

"थे यादी. अस्तर दाबलं का पळाली. लटकन दाबलं का पळाली. माह्यासमोर बाई उभी हाय, मी तिच्याशी बोलू का या यादीच्या मागं धावू?"

त्या म्हणाल्या ते खरंच होतं. मेन्यूची ती सवयच असते. एका गोष्टीवर क्लिक केलं की त्याला वाटतं आपलं काम संपलं, आणि तो मिटतो. फाइल उघडायची असेल तर ठीक आहे. पण लग्नाच्या ब्लाउजला इतक्या गोष्टी लागतात की प्रत्येकीसाठी तो नव्याने उघडायचा म्हणजे छळ.

"मी बघते," मी म्हटलं.

"पाहा. जेवल्या का?"

आमचा कोणताही क्लायंट असं विचारत नाही. मी हो म्हटलं. काय जेवल्या विचारलं तर पोळी-भाजी म्हटलं. कशाची भाजी, तर बटाट्याची.

"रोज बटाटाच खाऊन राहिल्या वाटते," त्या म्हणाल्या. मी फक्त आजचं सांगितलं होतं, आणि त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

मग रोजच फोन येऊ लागला. आधी तक्रार, मग इतर काही. सासूचा गुडघा, पिको मशीनचा आवाज, कुणीतरी नवरी जी साखरपुड्यापासून लग्नापर्यंत जाड झाली. माझ्याशी वऱ्हाडीत बोलता बोलता त्या मध्येच आत वळून नवऱ्याला विचारायच्या, "अजी, वो मरून धागा किधर रखा?" आणि त्याचं उत्तर आलं की मला सांगायच्या, "पाहा, मलेच विचारते कुठी ठिवला थे." मी बहुतेक हं म्हणायचे. पण साडेअकराच्या सुमारास माझं अर्धं लक्ष फोनकडे असायचं, हे मला लवकरच कळलं. दुसरी गोष्टही कळली, की हे सगळं त्या मेन्यूमुळे आहे. तो नीट झाला की भाभींना मला फोन करायचं कारण उरणार नाही, आणि मग दिवसभरात माझ्याशी आवाजाने बोलणारं कुणीच उरणार नाही.

तरी मी तो दुरुस्त करायला घेतला. काम तर तेच होतं.

मेन्यू मिटण्याच्या क्षणभर आधी प्रोग्रामला विचारलं जातं की मिटू का. सोबत कारणही सांगितलं जातं: यादीतल्या गोष्टीवर क्लिक झालं, बाहेर कुठे क्लिक झालं, एस्केप दाबलं, किंवा माणूस दुसऱ्याच प्रोग्रामकडे गेला. मी कारण वाचलंच नाही. सगळ्यांना नाही म्हणून टाकलं. मला वाटलं, भाभी माप घ्यायला वळल्या, धक्का लागून कुठेतरी क्लिक झालं, तरी मेन्यू जागचा हलायला नको. शेवटी एक ओळ ठेवली, "झालं". ती दाबली तरच तो मिटणार. माझ्या स्क्रीनवर सगळं छान चाललं. मी अस्तर, पायपिंग, लटकन टिक केलं, झालं दाबलं, झालं.

तो नवा प्रोग्राम पाठवल्यावर फोन आला तो वेगळ्याच सुरात. "मॅडम, आता हे त माह्या डोक्यावरच बसलं. तुमी इकडं याच."

सर म्हणाले जाऊन ये. मी सकाळच्या एसटीने अकोल्याला गेले. दुकान शोधायला वेळ लागला नाही, बाहेर दोरीवर अर्धवट शिवलेले ब्लाउज टांगलेले होते. भाभी माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या, चष्म्याला दोरी, गळ्यात टेप.

"तुमी मॅडम?" त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "फोनवर लय मोठ्या वाटल्या होत्या. हे त कॉलेजातली पोरगी हाय." मग आत हाक मारून चहा सांगितला, आणि तिथून पुढे मी तू झाले. "बस इथी. अन पाह्य, काय होऊन राहिलं."

काउंटरसमोर एक बाई आणि तिची लग्नाची मुलगी बसली होती, अंजनगावकडची. भाभींनी मेन्यू उघडला, अस्तर टिक केलं. मुलगी म्हणाली, गळा मागून मोठा पाहिजे, फोटो पाठवते. आई म्हणाली, "काई मोठा नाई. मांडवात सासरा मागंच बसते." मुलीने फोटो पाठवला. भाभींनी कॉम्प्युटरवरच व्हॉट्सॲप उघडलं. फोटोत एका बाईची पाठ होती आणि त्या पाठीच्या बरोबर मध्यभागी माझा मेन्यू, अस्तर, पायपिंग, लटकन.

"आता सांग," भाभी म्हणाल्या. "गळा कुठून पाहू?"

"भाभी, मले त हाच डिझाइन चालते," ती आई म्हणाली. "सगळं झाकलं."

मुलगी हसली, भाभी हसल्या. मलाही हसू आलं, पण कान तापले होते. मी हळूच म्हटलं, "भाभी, तुम्ही 'झालं' दाबा ना. मग मिटेल तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं कुठी? बाई आता ठरवून राहिली. ती उठून पायरी उतरली म्हंजे झालं. त्याच्याआधी कसं दाबू?"

मी बसून पाहत राहिले. पुढच्या दोन ऑर्डरींनाही तसंच झालं. कोणीही सरळ यादी सांगत नव्हतं. अस्तर लावा, राहू द्या, नणंदेला विचारते, तिने कसा शिवला बघा, फोटो आहे का. या सगळ्यात "झालं" म्हणण्याची जागा कुठेच नव्हती, आणि गिऱ्हाईक बसलेलं असताना झालं दाबणं भाभींना तर त्याला उठवून लावल्यासारखंच वाटत होतं. ऑफिसात एकटीने टिक करताना मला हे कधी दिसलं नसतं.

परत येताना बसमध्येच मी ते मनात लिहून काढलं. यादीवर क्लिक झालं तर मिटायचं नाही. दुसऱ्या खिडकीकडे गेलं तर निमूट मिटायचं, टिक तशाच ठेवायच्या, आणि परत आल्यावर त्याच नावापाशी पुन्हा उघडायचं. एस्केपला किंवा बाहेर क्लिक झालं तरी मिटायचं. "झालं" ची ओळ काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते तयार होतं. फाइल पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी थोडी थांबले, मग पाठवली.

संध्याकाळी भाभींचा फोन आला. "आता बराबर हाय. फोटो पाह्यला गेलं का आपोआप सरकते. कसं केलं व?"

मी सांगायला लागले, पण तोवर त्यांना कुणीतरी हाक मारली. "बरं, ठिवतो. आता काई तरास नाई तुले."

आणि खरंच काही त्रास राहिला नाही. दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजून गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. सरांनी चॅटवर लिहिलं की अकोल्याचं काम संपलं असं टाक, मी टाकलं. मुलं चहाला गेली की खोलीत फक्त पंख्याचा आवाज असायचा. मी प्रोग्राम उघडून उगाच तपासत राहायचे, कुठे काही चुकतंय का. नीट चालत होता. कधी नव्हे इतकं नीट काम मी केलं होतं.

दोन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी, मुलं खाली गेल्यावर, मीच फोन लावला. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवलं होतं.

"भाभी, प्रोग्राम नीट चाललाय ना?"

"चालून राहिला. कावून, बिघडणार हाय का?"

"नाही."

"मंग?"

पलीकडे शिलाई मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. ठेवते म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "असाच केला."

"असाच?"

"हो."

मला वाटलं आता विचारतील काय काम होतं.

"थांब," त्या म्हणाल्या, "एका बाईचं माप घेऊन राहिली. ठिवू नोको."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, "हात वर करा ताई. अस्सा. पोट आत घेऊ नोका, मंग ब्लाउज तुमाले झूठ बोलते." ती बाई हसली. कोणीतरी कात्री मागितली. मी फोन कानाला धरून बसले, आणि त्या परत येईपर्यंत ठेवला नाही.