पाणी घालणारे नाना

नानांनी मला फसवलं. आमच्या वॉर्डाचे पक्षाध्यक्ष तेच, माझे शेजारी तेच आणि मला राजकारणात ओढणारेही तेच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल एखादा बरा शब्द आला तर कोणाचा गैरसमज नको.

माणूस भेटला की खांद्यावर हात ठेवायचा, हलकेच दाबायचा आणि म्हणायचं, "भाऊ, तुम्ही तर अपने आदमी." आम्हा उज्जैनच्या मराठी लोकांचं बोलणं असंच, निम्मं हिंदी. पण नाना हे वाक्य टांगेवाल्यालाही ऐकवायचे आणि भाडं कमी करून घ्यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी भैरवगढच्या छापाच्या चादरी सायकलवर विकून माधव नगरात दुकान उभं केलं. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नव्हतं. म्हणून तर अजून चीड येते.

नगर निगमची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात चौघे इच्छुक. ज्याला तिकीट मिळत नसे तो दर वेळी अपक्ष उभा राहून पक्षाला पाडायचा. नानांनी त्यावर तोड काढली. सकाळी आम्हा चौघांना राम घाटावर नेऊन क्षिप्रेत गुडघाभर पाण्यात उभं केलं. तांब्याने एकेकाच्या ओंजळीत पाणी घालत म्हणवून घेतलं, "तिकीट कोणालाही मिळो, अपक्ष उभा राहणार नाही, अपक्षाला साथ देणार नाही."

घाटावरच्या पंड्याने विचारलं, "श्राद्ध किसका है?"

"बगावत का," नाना म्हणाले.

तिकीट मला मिळालं. बाकीच्या तिघांनी शब्द पाळला, माझ्यासाठी दारोदार फिरले.

मतदानाला चार दिवस होते. शेजारच्या वहिनींकडे फोन वाजला. मी तिथेच पत्रकं द्यायला गेलो होतो, मीच उचलला. पलीकडून नाना थांबायला तयार नाहीत. "वहिनी, पक्ष आपल्या जागी, पण शिक्का आमच्या भाच्याच्या छत्रीवर मारायचा. घरचा मुलगा आहे."

"वहिनी आंघोळीला गेल्यात, नाना. मी उमेदवार बोलतोय."

नाना लगेच, "अरे वा, भाऊ! प्रचार कसा चाललाय?"

अपक्ष उभ्या राहिलेल्या या भाच्याने नवीन एसटीडी बूथ उघडला होता. तिथे बसून नाना घरोघर फोन लावत होते. मी तडक जाऊन काउंटरवर हात आपटला. "क्षिप्रेचं पाणी विसरलात?"

"शपथ तुम्ही चौघांनी घेतली, भाऊ. मी तर पाणी घालत होतो."

खरंच होतं. आम्ही सगळे आपापल्या ओंजळीकडे बघत होतो. नानांच्या ओंजळीत कोणी पाणी घालायचं, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. चादरीचा धागान् धागा तपासून घेणारा मी, मलाही नाही.

मी पडलो, भाचा निवडून आला. पक्षाकडे लेखी तक्रार केली, तर नोटीस मलाच आली, अनुशासनहीनतेची. सहा वर्षं मी पक्षाबाहेर. भाच्याला मात्र हार घालून आत घेतलं.

माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा याच नानांनी महिनाभर स्वतः मऊ भात आणून दिला होता. त्यांच्या हातचं ती जेवायची, माझ्या हातचं नाही. हेही खरं आहे, आणि यामुळेच मला त्यांचा धड रागही करता येत नाही.

नाना आता नाहीत. पक्षाच्या कार्यालयात त्यांचा फोटो लागला आहे, खाली लिहिलंय, 'निष्ठेचा आदर्श'. ज्यांनी तो लावला आणि ज्यांनी माझ्या नोटिशीवर सह्या केल्या, ते सगळे हयात आहेत. त्यांनी माझ्यासमोर बसून सांगावं, पक्षाचा अधिकृत उमेदवार कोणी पाडला? मेलेल्या माणसाला मी विचारत नाही. सह्या करणाऱ्यांनो, तुम्हाला विचारतोय.