तिकटीवरचा जेवणारा

भुताचं जेवण खाऊन वर समाधानाची ढेकर देणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानाने सांगतो. लोक साडूची ओळख करून देताना त्याची जमीन सांगतात, नोकरी सांगतात, मुलगा कुठे शिकतो ते सांगतात. मी एवढंच सांगतो, आणि ऐकणारा खुर्ची पुढे ओढून बसतो.

साडू राहतात कोयनानगरला. सारी नोकरी त्यांनी धरणावर काढली आणि निवृत्त झाल्यावर वसाहतीच्या कडेलाच छोटं घर बांधलं. वसाहतीतली कितीतरी क्वार्टर्स आता रिकामी आहेत. कुलपं गंजलेली, व्हरांड्यात कमरेएवढं गवत, एखाद्या भिंतीवर अजून कुणाच्या तरी मुलाने खडूने काढलेलं घड्याळ. धुकं उतरलं की ही घरं एकेक करून नाहीशी होतात आणि धुकं उठलं की परत येतात. सगळीच्या सगळी परत आली याची खात्री मला तरी कधी वाटली नाही. तिथली जमीनही अधूनमधून अंग झाडते. त्याआधी आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, स्वयंपाकघरातले डबे फळीवर बारीक किणकिणतात. ते ऐकून शहाणी माणसं अंगणात पळतात. साडू स्वयंपाकघरात पळायचे. "डबं हाका मारत्यात गड्या," ते मला सांगायचे. "हाक मारल्यावर जायला नको?" एका चांगल्या दणदणीत धक्क्याला सगळी आळी रस्त्यावर उभी होती आणि साडूंचा पत्ता नव्हता. आक्का हाका मारून मारून रडायला लागली. तेवढ्यात साडू दारातून निवांत बाहेर आले. हातात भज्यांची परात. "तेल तापल्यालं हुतं," ते म्हणाले. "अर्धा घाणा टाकून कसं यायचं?" मग थरथरणाऱ्या सगळ्या शेजाऱ्यांना त्यांनी स्वतः भजी वाटली, आणि उरलेली, म्हणजे बरीचशी, उभ्याउभ्या संपवली.

मी सांगलीहून त्यांच्याकडे जायचो तेव्हा भडंगाची मोठी पिशवी न्यावीच लागायची. एसटीतून मी उतरायच्या आत ती माझ्या हातातून जायची आणि घरी पोहोचेपर्यंत तिच्या तळाशी लसूण आणि कढीपत्ता तेवढा उरलेला असायचा. साताऱ्याचे कंदी पेढे ते 'चवीपुरते' घ्यायचे, आणि पेटी रिकामी होईपर्यंत त्यांना चव नीटशी कळायची नाही. लोणच्याचा खार ते भाकरीवर ओतून घेत. वरणावर तूप असं पडायचं की खाली वरण आहे हे दुसऱ्याने सांगावं लागे. पण खादाड माणसाचा हावरेपणा त्यांच्यात नव्हता. ते पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून, शांतपणे, प्रत्येक घासाला मान डोलावत जेवत. शेवटी पत्रावळ असो की कागदाची प्लेट, तिची आपल्याकडे दुमडून व्यवस्थित अर्धी घडी घालत आणि त्या घडीवर एकदा हात फिरवत, एखाद्या लेकराला थोपटावं तसा. ही घडी ध्यानात ठेवा. पुढे ती मला फार महागात पडली आहे.

मग ते चपलेचं झालं. बाजारातून येताना त्यांची एक चप्पल चिखलात रुतून राहिली आणि साडू तसेच घरी आले. आक्काने विचारलं, "एक चप्पल कुठाय वो?" साडूंनी खाली पाहिलं. तळव्यात काच घुसून रक्त वाहत होतं, पायरीवर लाल ठसे उमटले होते, आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं. ही हकिगत सांगताना मात्र ते हसले नाहीत. "माझाच पाय हाय," ते म्हणाले, "पर त्यो मला वळखत न्हाई गड्या."

कराडच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि कागद दोनदा वाचला. मग सगळं एकदम बोलले. गोळ्या वेळेवर, गोड आणि तळलेलं बंद, रोज चालणं. नाहीतर ही जखम भरणार नाही, आधी बोट जाईल, मग पाऊल. त्या दिवसापासून आक्का साडूंच्या चेहऱ्याकडे बघायची बंद झाली. ती फक्त त्यांच्या पायाकडे बघायची.

साडूंनी प्रयत्न केला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. कारल्याचा रस प्यायला, आणि तोंड कडू झालं म्हणून वर गुळाचा खडा. दुधी उकडून खाल्ला, आणि दुधी अंगाला बाधतो म्हणून वर शेव. चालण्याचं म्हणाल तर जखम जरा सुकल्यावर नवे कापडी बूट घालून ते फाटकापर्यंत गेले, फाटकाला टेकून उभे राहिले आणि परत आले. त्यांचं म्हणणं असं की चालायला अंगात ताकद लागते, ताकद खाण्याने येते, आणि खाल्लं की झोप येते. यात त्यांचा दोष कुठे आहे ते दाखवा. मला दाखवता आला नाही. पण एकदा फाटकाशी मी सोबत होतो तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला चालायचं हाय रं. पर पाय उचलायला गेलो की असं वाटतंय, कुणीतरी अंगावर बसलंय. जडशीळ. आन त्येलाच भूक लागती. मला न्हाई." बाहेर धुकं होतं. मी उगाच मागे वळून पाहिलं.

आक्काचं मतही हेच पडलं. पाटणच्या बाजूच्या एका म्हातारीने तिला सांगितलं, "पोरी, ही भूक तुझ्या मालकाची न्हवं. उतरून टाक." झालं. दर मंगळवारी आणि शनिवारी आक्का पहाटे उठायची, साडूंच्या आवडीचं रांधायची, दहीभात, उकडलेलं अंडं, तुपातली पोळी, असं सगळं पत्रावळीवर मांडायची आणि झोपलेल्या साडूंवरून ओवाळून तो उतारा रिकाम्या क्वार्टर्सच्या पलीकडे, तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर ठेवून यायची. जाता-येता बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि घरात कुणाला सांगायचं नाही.

आणि गुण आला. साडू पहाटे उठून चालायला लागले. आपणहून. आक्का परत येऊन अंथरुणावर पडते न पडते तोच साडू बूट बांधून बाहेर. परतताना चेहऱ्यावर तेज, घरी फक्त एक भाकरी आणि पालेभाजी. आक्काने सांगलीला फोन करून माझ्या बायकोला आनंदाने सांगितलं. मग महिन्याने साखर तपासली, तर ती आधीपेक्षा वाढलेली. आक्काने उतारा दुप्पट केला. साखर आणखी वाढली. आणि एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, ती तिने मला एकट्याला फोनवर सांगितली. "पावणं, मी दिवस उगवल्यावर जाऊन बघती. पत्रावळ वाऱ्यानं गवतात पडल्याली असती, पर चाटून फुसून लख्ख. शीत सुद्दा ऱ्हात न्हाई. जे काय येतंय ते लय मोठं हाय. तुमी या."

मी गेलो. मी भित्रा नाही, पण तिकटीजवळच्या रिकाम्या व्हरांड्यात, गवतात, आक्काच्या शेजारी पहाटे उकिडवा बसलो तेव्हा माझे दात डब्यांसारखे वाजत होते. उतारा ठेवून ती नुकतीच येऊन बसली होती. धुकं इतकं दाट की तिकटीवरचा दगड असून नसल्यासारखा. मग पावलं आली. जड, फरफटत, एक पाऊल टेकणारं आणि दुसरं ओढत येणारं. धुक्यात काहीतरी रुंद, काळं उभं राहिलं. ते खाली बसलं. मांडी घालून. आणि खाण्याचा आवाज सुरू झाला, मंद, घाई नसलेला. आक्काची नखं माझ्या मनगटात रुतली. आवाज थांबला. क्षणभर सगळं शांत. आणि मग धुक्यातून ती ढेकर आली.

मी ती ढेकर माझ्या लग्नाच्या पंगतीपासून ओळखतो.

"साडू," मी म्हणालो.

"कोण? तू हितं काय करतूस रं?" धुक्यातून आवाज आला. "बस. अंडं आत्ताच संपलं बघ."

आक्का उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. उताऱ्याच्या जागी बोलायचं नसतं हे ती विसरली. "तुमी? हे तुमी खाता? उतारा हाय त्यो."

"ठाव हाय की मला."

"भ्या न्हाई वाटत?"

"कशाचं? हितल्या भुताच्या बायकोच्या हाताला डिट्टो तुझ्यासारखी चव हाय बघ." आणि मग, शरमून, बुटाच्या टोकाकडे बघत: "खरं सांगू? दारातनं भायेर पडायची ताकद न्हवती माझ्यात. पयल्या दिवशी जीव खाऊन हितवर आलो आन पान मांडल्यालं दिसलं. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, आजबी आसंल. पाय आपसूक उचलाय लागले. मंगळवार-शनिवार सोडून बाकीच्या दिवशी नुसताच बघून माघारी जायचो, पर चालायचो."

"अवो, ती तुमचीच भूक हुती," आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमच्यावरनंच उतरून मी हितं आणून ठिवत हुते. आन तुमी ती परत गिळताय."

साडूंच्या हातात दुमडायला घेतलेली पत्रावळ होती. ती तशीच अर्धवट राहिली. भूकंपात भजी तळणारा तो माणूस मी पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. त्यांनी हातही पुसले नाहीत. त्या रिकाम्या पानाकडे बघत ते म्हणाले, "म्हंजी हितं जेवाय येणारं भूत मीच की."

परत जाताना आक्का पुढे, मी मध्ये, आणि मागे ते पाऊल ओढल्याचा आवाज. त्या दिवशी तो आवाज ऐकवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडूंनी आक्काला जे सांगितलं ते कुठल्याही डॉक्टरला सुचलं नसतं. उतारा बंद करू नकोस, पण माझ्या आवडीचंच ठेव, आणि रोज ठेव. मी जाईन, बघीन आणि न शिवता परत येईन. आता ती तिथल्या भुताच्या वाट्याची भूक आहे, माझी नाही. पहिल्या दिवशी म्हणे ते तुपातल्या पोळीसमोर उभे राहून घामाने निथळले. मग आक्काने पान तिकटीवरून हलवून पुढच्या वळणावर नेलं, मग रस्त्याखालच्या मोरीपाशी, मग थेट चढ संपतो तिथे. साडू रोज आपल्या भुकेला भेटायला थोडे लांब जाऊ लागले. घरी भाकरी, पालेभाजी, गोळ्या, आणि कपाळावर आठ्या. फळीवरचे डबे किणकिणले की ते आता अंगणात पळतात. आणि एके सकाळी मला सांगलीला फोन आला. साडू लहान पोरासारखे हसत होते. "गड्या, बुटात खडा गेला हुता. टोचला. लय टोचला रं." आक्का मागून रडत असल्याचं ऐकू येत होतं. जखम भरली आहे. बोट जागेवर आहे. पाय त्यांना पुन्हा ओळखू लागला आहे, सगळा नाही, थोडा थोडा.

गोष्ट इथे संपवायला माझी हरकत नव्हती. पण मागच्या थंडीत मी गेलो तेव्हा पहाटे त्यांच्याबरोबर चालायला गेलो. साडू अर्धे झाले आहेत. स्वेटर अंगावर लोंबतो. पुढे ते, मागे धापा टाकत मी. चढावरचं पान आम्ही पाहिलं, त्यांनी नमस्कार केला, आम्ही जरा पुढे जाऊन वळलो. परतताना पान रिकामं होतं.

"कुत्रं," मी म्हणालो.

साडूंनी नुसतं बोट दाखवलं. पत्रावळ दगडाच्या कडेला ठेवलेली होती. नीट, आपल्याकडे दुमडून, अर्धी घडी घातलेली.

मी साडूंची बाही धरली. त्यांना मात्र त्या घडीचं काही नवल वाटलं नाही. "धुकं दाट आसलं की कवाकवा पुढं चालताना दिसतोय," ते म्हणाले. "चांगला जाडजूड. माझा जुना स्वेटर हाय त्येच्या अंगात. एक पाय वढतोय. हाक मारली तर थांबत न्हाई." त्यांनी स्वेटरची लोंबती बाही वर सरकवली. "वाईट वाटतंय रं. येवढी वर्सं संगं जेवलो. आता एकटाच जेवतोय."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून आणलेली भडंगाची पिशवी बरोबर घेतली. सवयीने आणली होती आणि घरात ती कुणी फोडली नव्हती. चढावर साडूंनी ती कोपऱ्यातून फाडली, एक मूठ नाकाशी धरून डोळे मिटून वास घेतला, ती मूठ परत पिशवीत टाकली आणि पिशवी पानाशेजारी ठेवली. मग आम्ही उतरायला लागलो, बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही या नियमाने. मोरीच्या अलीकडे आलो असू. मागे धुक्यात कुरुम कुरुम असा आवाज सुरू झाला. मंद, घाई नसलेला.

साडूंनी मान वळवली नाही. पण नियम त्यांनी मोडला. चालता चालता, अगदी हळू, ते म्हणाले, "सावकाश खा रं."