मांजरीचं ऑपरेशन

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आम्ही सांगलीहून तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. दारावर मासे विकायला एक कोळीण यायची. नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पाटी उतरवली की आधी ती अंगठ्यानं माशाचा कल्ला उघडून दाखवायची, जणू मला त्यातलं काही कळत होतं.

तिच्या पाटीमागून आलेली एक भटकी मांजरी मी पाळली. ती माजावर आली की रडून कॉलनी डोक्यावर घ्यायची आणि खिडकीखाली बोक्यांची सभा भरायची. शेवटी ह्यांनी तिला मुंबईला नेऊन ऑपरेशन करून आणलं. कुटुंबनियोजनाच्या जाहिराती जागोजागी रंगवलेल्या होत्या. आमच्या कॉलनीत ऐकलं ते एकट्या मांजरीनं. महिन्याभरात ती शांत झाली, गुबगुबीत झाली, उंबरा ओलांडेना.

कोळणीला ते पटेना. तिनं बोंबलाचं डोकं दाराबाहेर टाकलं. मांजरीनं नुसती मान वळवली. ते कुणीतरी आत आणून द्यावं, अशी तिची अपेक्षा असावी.

मी डॉक्टरी थाटात समजावलं, "अगं, ऑपरेशन झालं की बाहेरची ओढच राहत नाही. घरच बरं वाटतं."

तिनं पाटी डोक्यावर चढवली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दर्या हाकेवर हाय, बाय. तुमी एकदा बी आल्या नाय. तुमचं बी केलंय काय?"

मांजरी बाहेर पळेल, असं म्हणत मी घाईनं दार लावून घेतलं. मांजरी केव्हाच गादीवर जाऊन झोपली होती.